शिवारातल्या आकड्यांचे शिक्षक : डॉ. पांडुरंग सुखात्मे

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुक्यात खरिपाचा हंगाम सरत आला की काही मोजक्या शेतांत एक सरकारी काम सुरू होते. महसूल, कृषी किंवा ग्रामविकास खात्याचा गावपातळीवरील कर्मचारी टेप, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन शेतावर येतो, ठरावीक मापाचा एक तुकडा आखतो आणि तेवढ्याच तुकड्यातील पीक काढून त्याचे वजन नोंदवतो. अशा काही तुकड्यांच्या वजनांवरून संपूर्ण महसूल मंडळाचे किंवा तालुक्याचे दर हेक्टरी उत्पादन ठरते. पीकविम्याची भरपाई, पैसेवारी, राज्याचा उत्पादन अंदाज आणि देशाचे अन्नधान्य धोरण या सर्वांचे मूळ या वजनात असते. सरकारी भाषेत याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. या प्रयोगाला शास्त्रीय शिस्त देऊन तो भारतभरच्या गावकामगारांच्या हाती सोपविणाऱ्यांमध्ये अग्रभागी असलेले नाव म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आज डेटा सायन्स म्हणून जे शास्त्र शहरांतील महाविद्यालयांत शिकविले जाते, त्याचा पाया नमुना निवडीचे गणित आणि विश्वासार्ह नोंद हा आहे. या दोन्हींसाठी सुखात्मे यांनी आयुष्य वेचले.

बुध ते लंडन

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या इतिहासात तो काळ विलक्षण होता. एकाच महाविद्यालयात एकीकडे आर. ए. फिशर आणि दुसरीकडे इगॉन पिअर्सन असे दोन विभागप्रमुख होते. १९३४ मध्ये जर्झी नेमन हे पिअर्सन यांच्या विभागात आले. फिशर आणि नेमन यांच्यातील तात्त्विक वैर पुढे जगजाहीर झाले. अशा वातावरणात अनेक विद्यार्थी एका गटाचे होऊन जात. सुखात्मे मात्र दोन्हीकडे शिकले.

नेमन यांनी १९३४ मध्ये नमुना पाहणीवर एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला होता. मोठ्या समुदायाचे एकसारखे थर पाडून प्रत्येक थरातून यदृच्छ पद्धतीने नमुने घेतले, तर थोड्या खर्चात भरवशाचा अंदाज बांधता येतो, असे त्यात गणिताने सिद्ध केले होते. सुखात्मे यांनी १९३५ मध्येच या विषयात स्वतःची भर घातली. कोणत्या थरातून किती नमुने घ्यावेत हे ठरविण्यासाठी त्या थरातील चढउतार आधी ठाऊक असावे लागतात. ते ठाऊक नसतील तर छोट्या प्राथमिक पाहणीतून ते अजमावता येतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे फिशर यांच्या एका कसोटीसाठी लागणारी कोष्टकेही त्यांनी तयार केली. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

मालवीयांचा प्रश्न

भारतात परतल्यानंतर सुखात्मे यांची पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी झालेली भेट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. संख्याशास्त्र शिकून आलेल्या या तरुणाला मालवीयांनी, हे शास्त्र देशातील भुकेल्या माणसाच्या काय उपयोगाचे, असे विचारले. सुखात्मे यांच्याजवळ त्या दिवशी समाधानकारक उत्तर नव्हते. पुढील साठ वर्षांच्या कामाकडे पाहिले तर ते या प्रश्नाचेच उत्तर शोधत होते, असे दिसते.

कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत अल्पकाळ काम करून १९४० मध्ये ते दिल्लीत तेव्हाच्या इंपीरियल कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. देशात धान्य किती पिकते, हे त्या वेळी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. पेरणीचे क्षेत्र, सर्वसाधारण उत्पादनाचा ठोकताळा आणि आणेवारी या तिघांच्या गुणाकारातून उत्पन्नाचा आकडा काढला जाई. आणेवारी म्हणजे पीक यंदा किती आणे आहे याचा तलाठ्याने किंवा पटवाऱ्याने नजरेने केलेला अंदाज. सारा माफ होण्याचा संबंध याच अंदाजाशी असल्यामुळे तो ओढाताणीचा विषय होई. नजर अनुभवी असली तरी ती किती चुकते, हे तपासण्याचा मार्ग नव्हता.

नमुन्याने पीक मोजण्याचा प्रयत्न भारतात सुखात्मे यांच्याआधीही झाला होता. जे. ए. हबक या सनदी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार व ओरिसात भाताच्या उत्पादनासाठी यदृच्छ नमुने घेतले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राच्या पाहण्या सुरू केल्या होत्या. परंतु देशभर, सर्व प्रमुख पिकांसाठी, दरवर्षी हे कसे करावयाचे, हा प्रश्न उरला होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने त्याची भीषणता पुढे आणली. त्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाने पीक आकडेवारीतील उणिवांवर स्पष्टपणे बोट ठेवले.

दोरी, खुंट्या आणि तलाठी

सुखात्मे यांनी बसविलेली पद्धत समजून घेण्यासाठी पाचोऱ्यासारख्या तालुक्याचेच उदाहरण घेता येईल. तालुका हा एक थर मानला जातो. त्यातील गावांमधून काही गावे यदृच्छ क्रमांकांनी निवडली जातात. निवडलेल्या गावात ते पीक असलेल्या सर्व्हे क्रमांकांतून सामान्यतः दोन शेते पुन्हा यदृच्छ क्रमांकांनीच ठरतात. शेतावर गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सुरुवात करून लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने किती पावले चालायचे, हेही क्रमांकच सांगतात. तिथे पहिली खुंटी रोवली जाते.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच. निवड माणसाच्या मर्जीवर राहू नये. मर्जीवर सोडले तर कर्मचारी रस्त्यालगतचे शेत गाठेल, गावातील वजनदार माणूस आपल्या सोयीचे शेत दाखवील आणि शेतात उतरल्यावर डोळा आपोआप भरघोस पिकाकडे वळेल. क्रमांकांनी निवड केली की प्रत्येक शेताला निवडले जाण्याची ठरलेली संधी मिळते आणि अंदाजात चूक किती असू शकते, हेही गणिताने सांगता येते. आणेवारीत नेमकी हीच सोय नव्हती.

खानदेशातील मुख्य नगदी पीक असलेल्या कापसात आणखी एक अडचण येते. गहू किंवा ज्वारी एकदाच कापली जाते, तर कापसाच्या वेचण्या अनेक आठवडे चालतात. आखलेल्या तुकड्यातील बोंडे प्रत्येक वेचणीला वेगळी काढून वेगळी तोलावी लागतात. कर्मचारी रोज शेतावर हजर राहू शकत नाही. म्हणून शेतकऱ्याचे घर आणि वेचणीस येणाऱ्या बाया यांना तो तुकडा वेगळा का ठेवावयाचा हे पटले नसेल, तर नोंद पहिल्याच वेचणीत बिघडते. कापसाच्या उत्पादनाचा यदृच्छ नमुन्यांनी अंदाज घेण्याचे सुरुवातीचे प्रयोग १९४० च्या दशकात शेजारच्या वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात झाले. विनायक गोविंद पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी ते काम केले. हेच पानसे पुढे सुखात्मे यांचे निकटचे सहकारी झाले.

सुखात्मे यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय गणिताबाहेरचा होता. हे काम कोणी करावयाचे? त्यांनी ठरविले, की ते गावातील महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांनीच करावे. त्यासाठी दिल्लीहून वेगळी फौज पाठवू नये. प्रांताच्या अधिकाऱ्यांना संख्याशास्त्रज्ञांनी शिकवावे, त्यांनी निरीक्षकांना शिकवावे, निरीक्षकांनी गावकामगारासमोर प्रत्यक्ष शेतात तुकडा आखून दाखवावा आणि हंगामात त्याच्या कामावर देखरेख ठेवावी, अशी ही साखळी होती. त्यामागे खर्चाचा विचार होताच. त्याहून मोठा विचार असा होता, की जी यंत्रणा दरवर्षी आकडे वापरणार आहे तिला ते गोळा करताही आले पाहिजेत. काही वर्षांतच गहू आणि भात पिकविणाऱ्या बहुतेक प्रांतांत ही पद्धत पोहोचली.

महालनोबिस यांच्याशी मतभेद

या निर्णयावरून भारतीय संख्याशास्त्रातील एक गाजलेला वाद उभा राहिला. महालनोबिस यांचा भर स्वतंत्र, पगारी पाहणी पथकांवर होता. ज्या खात्यावर साऱ्याची आणि मदतीची जबाबदारी आहे त्याच खात्याच्या माणसाने पीक मोजावे, यात हितसंबंधांचा धोका आहे, ही त्यांची भूमिका होती. पथक वेगाने फिरावे म्हणून ते लहान तुकडे घेत. चार फूट किंवा त्याहून कमी त्रिज्येचे वर्तुळ कापले की काम लवकर आटोपते आणि त्याच खर्चात अनेक ठिकाणी जाता येते.

सुखात्मे यांनी लहान तुकड्यांवर आक्षेप घेतला. शेतातील रोपे सरळ रेषेत थांबत नाहीत. काही रोपे नेमकी हद्दीवर येतात आणि ती आत धरावीत की बाहेर, याचा निर्णय कर्मचाऱ्याला करावा लागतो. बहुतेक वेळा तो ती आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने हद्दीचा वाटा मोठा. साध्या हिशोबाने हे कळते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरची केवळ दोन इंचांची पट्टी चुकून आत धरली गेली तर क्षेत्र सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा असलेल्या तुकड्यात तीच चूक सुमारे ३ टक्क्यांवर येते. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांवर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून ही वाढ प्रत्यक्ष मोजली आणि १९४६ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात निष्कर्ष मांडले. अगदी लहान तुकडे उत्पादन फुगवून दाखवितात, हे त्यातून पुढे आले. प्रशिक्षित आणि काटेकोर पथकांच्या हातून ही चूक कमी होते, असा महालनोबिस यांच्या बाजूचा प्रतिवाद होता.

या वादात सुखात्मे यांची दृष्टी कळते. नमुना घेण्यातील चूक गणिताने मोजता येते आणि नमुने वाढवून कमी करता येते. माणसाच्या हातून एकाच दिशेने होणारी चूक मात्र कितीही नमुने वाढविले तरी तशीच राहते. म्हणून शेवटच्या माणसाला झेपेल, त्याला चुकायला कमी वाव राहील, अशी पद्धत आखणे आणि ती त्याला नीट शिकविणे, हा त्यांच्या लेखी शास्त्राचाच भाग होता.

काळाने दोघांनाही थोडे थोडे खरे ठरविले. पीक कापणीचे काम राज्यांच्या नेहमीच्या यंत्रणेकडेच राहिले. परंतु त्या कामावर बाहेरची नजर हवी, हेही मान्य झाले. १९७३-७४ पासून पीक आकडेवारी सुधारणेच्या योजनेखाली राष्ट्रीय नमुना पाहणी यंत्रणेचे कर्मचारी काही गावांतील नोंदी आणि कापणी प्रयोग तपासू लागले. ही यंत्रणा महालनोबिस यांच्या परंपरेतली होती.

शिकविणारी संस्था

कृषी संशोधन परिषदेतील सुखात्मे यांचा विभाग हळूहळू शाळा बनला. चाळिशीच्या दशकाच्या मध्यापासून तिथे राज्यांतून येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष होते आणि उभारणीत सुखात्मे यांचा पुढाकार होता. परिषदेच्या विभागाला १९५९ मध्ये स्वतंत्र संस्थेचे रूप आले. दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था ती हीच. तोवर सुखात्मे परदेशी गेले होते आणि धुरा पानसे यांच्याकडे आली होती.

१९५४ मध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. सुखात्मे यांचे नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत वापरले गेले. त्याची पुढील आवृत्ती १९७० मध्ये बी. व्ही. सुखात्मे यांच्यासह निघाली. दुसरे पुस्तक, ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’, पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिले. नावाप्रमाणेच ते गणितज्ञांसाठी नसून कृषी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी होते. शेतावरील प्रयोग कसा मांडावा, आकडे कसे तपासावेत, निष्कर्ष कुठवर ताणावा, हे त्यात भारतीय पिकांच्या उदाहरणांनी समजावले आहे. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी त्याला आजही नुसते पानसे-सुखात्मे म्हणून ओळखतात. पहिले नाव पानसे यांचे आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

रोममध्ये भुकेचा हिशोब

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास दोन दशके रोम येथे तिच्या संख्याशास्त्र विभागाचे नेतृत्व त्यांनी केले. अनेक देश नव्याने स्वतंत्र होत होते आणि त्यांच्याकडे शेतीची आकडेवारीच नव्हती. तिथल्या अधिकाऱ्यांना नमुना पाहणी आणि कृषिगणना शिकविणे हा या विभागाच्या कामाचा मोठा भाग झाला. भारतातील प्रशिक्षणाच्या साखळीचेच हे मोठे रूप होते.

जगातील दोन तृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनीच हे विधान केले होते. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात निराळा हिशोब दिला. पुरेसे अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के आणि भूक किंवा कुपोषण यांपैकी काही ना काही सोसणारे निम्म्यापर्यंत, असा त्यांचा अंदाज होता. सरासरीवरून भूक मोजता येत नाही, माणसामाणसांतील गरजेचा आणि आहाराचा फरक हिशोबात धरावा लागतो, हा त्यामागचा विचार होता. अन्न व कृषी संघटना आजही अल्पपोषितांचे प्रमाण ज्या पद्धतीने काढते तिचे मूळ या कामात आहे. सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविले.

पुण्यातील उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यास आले आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत (आताच्या आघारकर संशोधन संस्थेत) कामाला लागले. प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी तेव्हा जगभर चालू होती. भारतातील आहाराचे आकडे तपासून त्यांनी दाखविले, की पोटभर धान्य-डाळ खाणाऱ्यास प्रथिने बहुधा पुरतात आणि प्रथिनांची कमतरता दिसते तिथे मुळात अन्नच अपुरे असते. हे मत पुढे व्यापकपणे मान्य झाले.

दुसरे मत मात्र वादग्रस्त ठरले. अमेरिकन पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्या साथीने त्यांनी असे मांडले, की एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानू नये. या निकषाने कुपोषितांची संख्या एकदम खाली येत होती. पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप उष्मांकांवर आधारले होते. दांडेकरांनी सुखात्मे यांच्या भूमिकेची कठोर चिकित्सा केली. गरिबाला कमी अन्नावर समाधान मानायला सांगण्याचा हा मार्ग ठरेल, अशी भीती अनेक पोषणतज्ज्ञांनीही व्यक्त केली. शरीर जुळवून घेते म्हणजे त्याची काही किंमत मोजावी लागत नाही, हे सिद्ध झालेले नव्हते. गणिताच्या भक्कम पायावर उभ्या असलेल्या या सिद्धांताचा शरीरशास्त्रीय आधार आजही वादातीत नाही.

या वादामुळे त्यांच्या त्या काळातील दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाले. पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही याचे कारण अस्वच्छ पाणी आणि जंत हे असू शकते, असे ते आग्रहाने सांगत राहिले. कुपोषणाविरुद्धच्या कार्यक्रमात शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांना अन्नाच्या बरोबरीचे स्थान हवे, ही त्यांची मागणी पुढील काळात सर्वमान्य झाली.

मोजणाऱ्याची जबाबदारी

सुखात्मे यांच्या काळात कापणी प्रयोगाचा आकडा प्रामुख्याने धोरणासाठी लागे. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना आली आणि तोच आकडा शेतकऱ्याच्या खात्यातील रकमेशी थेट जोडला गेला. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून सुधारित योजनेत पीक कापणी प्रयोगातून येणारे उत्पादन हा भरपाईचा प्रमुख आधार राहिला. साहजिकच आकड्यावरील ताण वाढला. उपग्रहाच्या प्रतिमा, मोबाइलवरील ई-पीक पाहणी, शेतावरच घेतली जाणारी छायाचित्रे ही साधने मदतीला आली आहेत. तरीही उपग्रहावरून बांधलेला अंदाज बरोबर की चूक, हे ठरविण्यासाठी शेवटी कोणीतरी शेतात जाऊन पीक तोलावेच लागते. तो कर्मचारी अनेक कामांच्या ओझ्याखाली असेल, त्याला प्रशिक्षण म्हणून नुसते परिपत्रक मिळाले असेल आणि त्याने टेबलावर बसून आकडा भरला असेल, तर पुढचे कोणतेही गणित तो दोष धुऊन काढू शकत नाही. कापूस वेचणाऱ्या घराचे नुकसान मात्र खरे असते.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात डॉ. सुखात्मे यांचे निधन झाले. केंद्र सरकारने त्यांच्या नावाने संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि दिल्लीची संस्था आजही कृषी संख्याशास्त्रज्ञ घडविते. त्यांची सूत्रे आता संगणक क्षणात सोडवितो. गावकामगारासमोर शेतात उभे राहून तुकडा आखून दाखविण्याचे काम मात्र अजूनही माणसालाच करावे लागते. त्या कामाला वेळ, माणसे आणि मान देणे, एवढीच सुखात्मे यांच्या पद्धतीची अट होती.